काळं पिल्लू, पिवळं पिल्लू

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ग्रहांच्या चाली, पावसाचे अंदाज, रत्नपरीक्षा, घरबांधणी अशा भारदस्त विषयांच्या गर्दीत कोंबड्यांवर एक चिमुकला अध्याय आहे. सहाव्या शतकातला हा ज्योतिषी अवंतीचा, म्हणजे उज्जैनच्याच मुलखातला. कोंबडा कसा असला म्हणजे शुभ आणि कोंबडी कशी असली म्हणजे लाभाची, हे तो पिसं, नखं, तुरा आणि आवाज यांवरून सांगतो. शुभाशुभाचा भाग बाजूला ठेवू. पाहण्यासारखी गोष्ट अशी की यातलं जवळपास काहीच अंड्यातून नुकत्या बाहेर पडलेल्या पिल्लाला लागू पडत नाही. त्याला पिसांच्या जागी नुसती लव असते, तुऱ्याच्या जागी एक बारीक रेघ, आणि आवाज म्हणाल तर सगळ्यांची एकच चिवचिव. लक्षणांवर एवढं लिहिणारा माणूसही पूर्ण वाढलेला पक्षीच समोर धरतो. आजचा खरेदीदार एवढा धीर धरत नाही. एक दिवसाचं पिल्लू तळहातावर घेऊन तो विकणाऱ्याला दोन प्रश्न टाकतो: हे कुठल्या जातीचं, आणि नर की मादी?

दोन्ही प्रश्न एका दमात विचारले जातात, म्हणून ते एकाच प्रकारचे वाटतात. पण त्यांच्यात मोठा फरक आहे. नर-मादी हा त्या पिल्लाच्या शरीरातला भेद आहे. तो आज दिसत नसला तरी आज आहे, आणि योग्य ठिकाणी पाहिलं तर सापडतो. जातीचं तसं नाही. जात म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपसात जुळवलेल्या आणि आपल्यासारखीच पिल्लं देत राहिलेल्या पक्ष्यांचा घोळका. एकट्या पिल्लाच्या अंगावर ती शोधायला गेलं तर फार तर तिच्या खुणा सापडतात, आणि खुणा उसन्या असू शकतात. या प्रकरणात मांडायचं आहे ते एवढंच: एक दिवसाच्या पिल्लावरची खूण एखादी जात नाकारायला पुरते, सिद्ध करायला पुरत नाही, आणि नर-मादी ओळखण्याच्या रंगाच्या किंवा पिसांच्या ज्या युक्त्या खरोखर चालतात, त्याही आईबाप ठाऊक असतील तरच चालतात.

बदकाच्या पिल्लांपासून सुरुवात करणं सोपं, कारण तिथे रंगाची फसवणूक ढळढळीत आहे. पिवळंधमक पिल्लू दिसलं की लोक ‘पेकिन’ म्हणून मोकळे होतात. पेकिनचं पिल्लू पिवळं असतं हे खरं, पण इंग्लंडच्या आइल्सबरीचंही पिवळंच असतं, पांढऱ्या कॅम्पबेलचंही, आणि गावच्या तळ्यावरच्या पांढऱ्या देशी बदकाचंही. मोठेपणी जे पांढरं होणार त्याची लव बहुधा पिवळी, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय बदकांमधला हा पांढरेपणा सहसा आई आणि बाप दोघांकडून आला तरच प्रकट होतो, त्यामुळे दोन रंगीत बदकांच्या पोटीही अधूनमधून पिवळं पिल्लू निघतं. तपकिरी अंग, पिवळट पोट आणि डोळ्यावरून गेलेली गडद रेघ हा मॅलार्ड या रानबदकाचा मूळ नमुना. मस्कोव्ही सोडली तर जगातली बहुतेक सगळी पाळीव बदकं मॅलार्डपासूनच आलेली आहेत, म्हणून हा नमुना देशी बदकांत, रुआंमध्ये, काही रनर बदकांत, सगळीकडे डोकावतो. मग रंगाचा उपयोग काय? पिल्लू पिवळं असेल तर ते शुद्ध खाकी कॅम्पबेल नाही, असं ठामपणे म्हणता येतं. खाकी कॅम्पबेल ही वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी देणारी जात, आणि तिच्या नावाने पिल्लांना चांगला भाव मिळतो. त्यामुळे हा नकारही कामाचाच. पण तपकिरी पिल्लू दिसलं म्हणून ते कॅम्पबेल ठरत नाही.

मस्कोव्हीचं प्रकरण मजेशीर आहे. हा दक्षिण अमेरिकेकडचा वेगळाच पक्षी. त्याच्या पिल्लाच्या नख्या जरा अणकुचीदार असतात, पिवळ्या अंगावर डोक्याला आणि शेपटीला अनेकदा काळसर डाग असतो. तरीही साध्या बदकाच्या पिल्लांत मिसळलं तर नवख्याला ते चटकन वेगळं काढता येत नाही. ज्याने अंडी उबवली त्याला मात्र पिल्लाकडे बघण्याचीही गरज नाही. साध्या बदकाचं अंडं 28 दिवसांत फुटतं, मस्कोव्हीचं सुमारे 35. पेटीवर अंडी ठेवल्याची तारीख लिहिलेली असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. पिल्लाचं अंग जे सांगत नाही ते एका तारखेने सांगितलं. नोंद आणि निरीक्षण यांतला हा फरक पुढे पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

उज्जैनच्या परिसरात बदकं पाळणारे थोडे. इथे जातीचा खरा वाद रंगतो तो कडकनाथावर. उज्जैनहून पश्चिमेला गेलं की झाबुआ आणि अलीराजपूर हे भिल्ल-भिलालांचे जिल्हे लागतात; कातडी, तुरा, जीभ, मांस, अगदी हाडांपर्यंत काळपट असलेली ही कोंबडी तिथली. लोक तिला कालामासी म्हणतात. राज्य सरकारने 1978 साली झाबुआत तिच्यासाठी पैदास केंद्र उभारलं, आणि 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. छत्तीसगडमधल्या दंतेवाड्यानेही तेव्हा हक्क सांगितला होता. पण हे मानांकन नेमकं कशाला मिळालं, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. ते ‘झाबुआ कडकनाथ’च्या मांसाला आहे. मालव्यात किंवा महाराष्ट्रात कुणीतरी टोपलीत घेऊन बसलेल्या पिल्लाला ते आपोआप चिकटत नाही. तरी विकणारा मानांकनाचं नाव घेतो, आणि घेणाऱ्याच्या मनात पिल्लाला शिक्का बसतो.

मग घेणारा पाहतो काय? काळेपणा. आणि इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. कडकनाथाच्या पिसांचे ठळक तीन प्रकार सांगितले जातात: पूर्ण काळा, पांढरट रेघांचा पेन्सिल्ड आणि सोनेरी छटेचा. एक दिवसाची पिल्लं निळसर ते काळी असतात आणि त्यांच्या पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे असू शकतात. पट्टे दिसले म्हणून ‘हे भेसळीचं’ असं म्हणून नाकारणारा गिऱ्हाईक चांगलं पिल्लू टाकून देतो. उलट चोच काळी, पाय काळे, कातडी काळी, म्हणजे अस्सल माल, असं समजणारा त्याहून मोठ्या खड्ड्यात पडतो. कारण हा काळेपणा कडकनाथाची एकट्याची मालमत्ता नाही. चीनची रेशमी पिसांची सिल्की, इंडोनेशियाची आयाम चेमानी, व्हिएतनाममधल्या काळ्या कोंबड्या, स्वीडनची स्वार्टह्योना या सगळ्यांत तो आहे. 20 व्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट होऊन उलटापालटा बसलाय आणि त्यामुळे रंगपेशी शरीरभर पसरतात, हे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. तपासलेल्या सगळ्या काळ्या जातींत बदल एकच निघाला. शिवाय तो प्रभावी आहे. आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडून आला तरी पिल्लावर दिसू शकतो. म्हणजे अर्धं कडकनाथ असलेलं पिल्लूही काळं निघू शकतं.

‘शकतं’ म्हणायचं कारण शंभर वर्षांपूर्वीच्या एका सुरेख प्रयोगात आहे. बेटसन आणि पनेट या इंग्लिश शास्त्रज्ञांनी सिल्की आणि ब्राउन लेगहॉर्न यांचा संकर दोन्ही बाजूंनी करून पाहिला आणि 1911 साली निष्कर्ष छापले. सिल्की कोंबडी आणि लेगहॉर्न कोंबडा अशी जोडी लावली तर नर-मादी सगळी पिल्लं फिकट, कुठे कुठे काळपट. जोडी उलटी केली, म्हणजे बाप सिल्की आणि आई लेगहॉर्न, तर नर पिल्लं फिकट पण मादी पिल्लं चांगली काळी. कारण असं: कातडीतला काळा रंग दाबणारा एक घटक लेगहॉर्नमध्ये असतो आणि तो लिंगगुणसूत्रावर बसलेला आहे. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. आई आपलं एकुलतं झेड फक्त मुलग्यांना देते. लेगहॉर्न आईचा रंग दाबणारा घटक त्यामुळे मुलग्यांनाच मिळतो. मुलींना झेड बापाकडून येतं, सिल्कीकडून, आणि त्यात ती अडवणूक नसते. म्हणून त्या काळ्या.

काळेपणाचं मूळ एकच आहे हे लक्षात घेतलं, तर हाच हिशेब उज्जैनच्या बाजारात मांडता येतो. समजा कुणी कडकनाथ कोंबडा लेगहॉर्न वळणाच्या कोंबड्यांवर सोडला. निघालेल्या पिल्लांतली फिकट बाजूला काढली आणि काळी तेवढी ‘कडकनाथ’ म्हणून टोपलीत ठेवली. घेणाऱ्याला प्रत्येक पिल्लू काळं दिसेल. खोट शोधायला तो टोपलीतच पाहणार, आणि ती टोपलीत नाहीच. ती बाजूला काढलेल्या फिकट भावंडांत आहे, आणि ती भावंडं त्याला कुणी दाखवणार नाही. गंमत म्हणजे या टोपलीत जवळपास सगळ्या तलंगाच निघतील, त्यामुळे सहा महिन्यांनी घेणारा ‘नशीब चांगलं’ म्हणून खूशही होईल. पिल्लू फिकट असतं तर जात नाकारता आली असती. काळं असल्याने काहीच सिद्ध झालं नाही. आई कोण आणि बाप कोण हे समजलं असतं, तर त्याच काळेपणातून नर-मादीसुद्धा वाचता आली असती. बदकांतही हाच खेळ होतो. खाकी नर आणि गडद रंगाची कॅम्पबेल मादी यांची पिल्लं पहिल्याच दिवशी वेगळी काढता येतात: मादी खाकी, नर गडद. पण जोडी उलटी लागली की सगळीच गडद, आणि खूण गेली.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे अनुभवी नजरेचा. झाबुआकडची म्हातारी पिल्लाकडे एक नजर टाकून सांगते आणि ते खरं निघतं, मग पुस्तकी शंका कशाला? ते खरं निघतं, यात वाद नाही. पण ती म्हातारी पाहते ते फक्त पिल्लू नसतं. कुठल्या घरच्या खुराड्यातलं, त्या पाड्यात कोंबडे कुणाकुणाचे, गेल्या साली बाहेरून पक्षी आले होते का, हे सगळं तिला ठाऊक असतं, आणि नजर टाकताना ते ज्ञान नजरेतच मिसळलेलं असतं. तिलाच इंदूरच्या बाजारात शंभर ठिकाणांहून गोळा केलेली काळी पिल्लं दिली तर तिचा अंदाज तेवढाच ठाम राहील का? राहणार नाही, असंच मानायला हवं, कारण तिथे तिच्या माहितीचा अर्धा भाग गळून पडतो. अनुभवी नजरेचा मान ठेवूनही म्हणावं लागतं की ती नजर त्या गावापुरती असते.

नर-मादीच्या बाबतीत अनुभवाचे दावे जास्त आहेत आणि जास्त डळमळीत. टोकदार अंड्यातून नर, गोल अंड्यातून मादी, हा समज आपल्याकडेही ऐकू येतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या ग्रंथात तो नेमका उलटा आहे, आणि नंतरच्या रोमन लेखकांनी पुन्हा फिरवलेला. दोन हजार वर्षांत दोन्ही बाजूंना साक्षीदार मिळाले याचं कारण सरळ आहे: निम्मी पिल्लं नर आणि निम्मी मादी असतात, त्यामुळे कुठलीही पद्धत निम्म्या वेळा बरोबर येते, आणि माणसाला बरोबर आलेलंच आठवतं. शिवाय पक्ष्यांत लिंग ठरतं ते आईकडून, बलक कवचात बंद होण्याच्या कितीतरी आधी. कवचाचा आकार नंतर अंडनलिकेत ठरतो. दोघांची गाठ पडायला कारणच नाही. पिल्लाला मानगुटीला धरून लोंबकळवणं, ते पाय आखडतं की सोडतं हे पाहणं, दोऱ्याला सुई बांधून फिरवणं, ही सगळी त्याच कुळातली. पंखांच्या पिसांची पद्धत मात्र खरी आहे. हॅचरीत मादी पिल्लांची पंखपिसं आधी लांब झालेली दिसतात आणि कामगार झपाट्याने वर्गवारी करतात. पण त्यासाठी बाप लवकर पिसं येणाऱ्या वाणाचा आणि आई उशिरा येणाऱ्या वाणाची, अशी जोडी मुद्दाम लावलेली असते. गावरान किंवा कडकनाथ पिल्लाचा पंख पसरून त्यात हेच शोधणं म्हणजे नाणं उडवणं.

आईबापांचा पत्ता नसतानाही पहिल्याच दिवशी नुसत्या नजरेने चालणारी पद्धत एकच, ती म्हणजे शेपटीखालचं छिद्र हलकेच उघडून आत पाहणं. कोंबडीच्या पिल्लात तिथे नराला मोहरीहूनही लहान उंचवटा असतो, काही माद्यांतही त्याचा अवशेष दिसतो, आणि म्हणून हे काम कठीण. मासुई आणि हाशिमोतो या जपानी संशोधकांनी 1920 च्या दशकात या उंचवट्याचे प्रकार लावले आणि त्यावर जपानमध्ये तज्ज्ञांची एक अख्खी पिढी तयार झाली, जी पुढे युरोप-अमेरिकेत हॅचरींना पिल्लं निवडून देत फिरली. बदकात हीच गोष्ट बरीच सोपी आहे, कारण नर बदकाला खरोखरचं जननेंद्रिय असतं आणि एक-दोन दिवसांच्या पिल्लातही ते बारीक पिळासारखं वर येतं. कोंबड्यात ते का नाही, याचा उलगडा 2013 साली झाला. कोंबड्याच्या गर्भातही ते वाढायला लागतं, पण एका विशिष्ट प्रथिनाच्या आज्ञेने तिथल्या पेशी मरतात आणि वाढ मागे फिरते. बदकाच्या गर्भात ती आज्ञा टोकाशी पोचत नाही. हे वाचून कुणी लगेच पिल्लू उलटं करू नये. जोर जास्त पडला तर पिल्लाला आतून इजा होते, त्यामुळे हे हात शिकवून तयार करावे लागतात.

बदकवाल्याला थांबायची तयारी असेल तर फुकटची पद्धत आहे: आवाज. नर बदकाच्या श्वासनलिकेच्या खालच्या टोकाला, डावीकडे, हाडाचा एक फुगा असतो. मादीला तो नसतो. पहिले काही आठवडे सगळी पिल्लं सारखीच चिवचिवतात. साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून माद्यांचा आवाज फुटतो, खणखणीत ‘क्वॅक’ येऊ लागतो, आणि नर मात्र घसा बसल्यासारखे घोगरे राहतात. एकेक पिल्लू उचलून बाजूला न्यावं, उचललेलं पिल्लू ओरडतंच. शेपटीवरची वळलेली पिसं ही नराची दुसरी पक्की खूण, पण ती यायला तीन-चार महिने लागतात. तीही मॅलार्डच्या वंशातच. आपल्या तलावांवर दिसणाऱ्या हळदी-कुंकू बदकांत नर-मादी दिसायला जवळपास सारखेच, तिथेही कानच कामाला येतात.

एक उदाहरण असं आहे जिथे पिल्लाकडे न पाहताच नर-मादी सांगता येते. जत्रेत गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवलेली पिल्लं विकायला येतात ना, ती बहुतेकदा नर असतात. अंड्यांसाठीच्या लेअर कोंबड्यांच्या हॅचरीत माद्या कामाच्या, नर पोसायला परवडत नाहीत. टाकाऊ ठरलेले ते नर कवडीमोलाने बाहेर जातात आणि रंग लावून मुलांच्या हातात येतात. जर्मनीने असे नर मारून टाकण्यावर 1 जानेवारी 2022 पासून बंदी घातली आणि तिथल्या हॅचरी अंड्यातच लिंग तपासू लागल्या. आपल्याकडे ते जत्रेत दिसतात. इथेही उत्तर पिल्लाच्या अंगावर नव्हतं, ते कुठून आलं यात होतं.

दुसरा आक्षेप असा की शेतकऱ्याला एवढ्या काटेकोरपणाची गरज काय? पक्षी वाढला, विकला गेला, संपलं. मांसासाठी हे बऱ्याच अंशी खरं आहे. कडकनाथाचा नर मादीपेक्षा भारी भरतो, त्यामुळे नर जास्त निघाले म्हणून कुणी रडत नाही. अंड्यांसाठी बदकं आणणाऱ्याला मात्र निम्मे नर म्हणजे निम्मं खाद्य पाण्यात, कारण पैदाशीलाही पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. आणि जातीच्या नावावर जिथे जास्त पैसे मोजले जातात तिथे जातीचा पुरावा मागणं ही चैन नव्हे. 2019 साली सांगली-कोल्हापूरकडे उघडकीला आलेल्या कडकनाथ गैरव्यवहाराची इथे लोक आठवण काढतात, पण ते उदाहरण नीट लावायला हवं. तिथला मुख्य घोटाळा पिल्लांच्या जातीचा नव्हता. अंडी आणि पक्षी परत विकत घेण्याचं आश्वासन पोकळ निघालं. पुढे मात्र एक झालं असणार: हताश शेतकऱ्यांनी मिळेल त्या भावात काढलेले पक्षी ठिकठिकाणच्या खुराड्यांत पांगले, आणि त्यांची पिल्लं काळी निघत राहिली तरी त्यांचा बाप कोण हे सांगणारा उरला नाही.

उरला शेवटचा आक्षेप, डीएनएचा. लिंगासाठी तो आक्षेप मान्य करून टाकावा. एका पिसाच्या मुळावरून किंवा अंड्याच्या कवचाला चिकटलेल्या पापुद्र्यावरून झेड-डब्ल्यू ओळखणारी चाचणी होते आणि तिचं उत्तर भरवशाचं असतं. जातीसाठी मात्र प्रयोगशाळा काय करते ते पाहावं. फक्त काळेपणाचा बदल शोधला तर सिल्कीलाही तोच निकाल येईल. म्हणून जनुकसंचातल्या अनेक जागा तपासून पिल्लाची तुलना संदर्भ म्हणून घेतलेल्या पक्ष्यांशी करतात, आणि ते त्या गटाशी किती जवळचं हे शक्यतेच्या भाषेत सांगतात. आता ते संदर्भाचे पक्षी अस्सल आहेत हे कशावरून ठरवलं? त्यांना ज्या कळपातून घेतलं तिथे बाहेरचा कोंबडा येऊ दिला नव्हता, पायात क्रमांकाची कडी होती आणि कुठल्या कोंबडीचं अंडं कधी उबवणीला ठेवलं हे कुणीतरी वहीत लिहून ठेवलं होतं, यावरून.